थंडीतली शेवंती

अंजनी,

सकाळी तुझे बाबा माझ्या कानाशीच पुटपुटले, "दसऱ्याला सासरी जाणारी पोरगी शेवंती कशाला लावते?" मी म्हटलं, हौस असते. पण शेवंती थंडीत फुलते, हे मलाही कळतं. पडवीच्या वाशाला टोपल्या टांगल्यास, तळाशी काथ्या, वर शेणखत. एवढा घाट पाहुणी घालत नाही. आणि जावईबापूंचं नाव निघालं की तू झारी घेऊन उठतेस. अशाने रोपं कुजतील गं.

भाकरी झाकून ठेवली आहे. मी कुळगावला तुझ्या मामाकडे जाते. सासरहून तुझी ट्रंक आणायला त्यालाच सांगेन. बाबा विचारणार नाहीत, तू सांगणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. तुला तिकडे परत जायचं नाही. नको जाऊस.

आई