नवस तुमचा, पाय माझे

प्रिय आई,

परवा डोंगरावरच्या देवीची ओटी भरून आले. काल दिवसभर ठरवून पडून होते, म्हणून पत्राला आज मुहूर्त लागला. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी ही बातमी आधी सासूलाच सांगायची असं मी ठरवलंच होतं. नवस फिटला, आई! फिटला एकदाचा!

पण आधी भांडते. "माझ्या सुनेला उभी कर, ती घरापासनं पायी येऊन तुझी ओटी भरील," असं देवीला बोलून मोकळ्या झालात. नवस तुमचा आणि पाय माझे? अहो, जिला न्हाणीतून खाटेपर्यंत यायला भिंत धरावी लागायची, तिच्या नावावर तीन किलोमीटर आणि वर सत्तर पायऱ्या! मला विचारायचं तरी होतं. सांगितलंत कधी, तर दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशी. "नवस ऱ्हायलाय गं." झालं! मला अडकवून निघून गेलात.

माझं दुखणं तुम्हाला कधी कळलं का हो? त्या तापानंतर मी धड उठलेच नाही. म्हसळ्याला दाखवलं, माणगावला दाखवलं, रक्त सगळीकडे चांगलं. "रिपोट चांगला हाय ना? मग ऊठ. घाम गाळ, अंग मोकळं व्हईल," तुम्ही म्हणायचात. मी उठायचे, चार भांडी घासायचे आणि चार दिवस आडवी व्हायचे. "आळसाला औषध नाय," हे तुम्ही शेजारणीला सांगितलेलं मी आतून ऐकलंय. फार लागलं होतं. अजून लागतं.

मग मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. हमखास बरं करणारी गोळी नाही, म्हणाल्या. दमायच्या आधी थांबायचं, अंगात असेल तेवढं सगळं कधीच वापरायचं नाही. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही कपाळाला हात लावलात. "दमायच्या आदी बसायचं? ह्ये सांगायला डाक्टर कशाला पायजे?" रडता रडता हसू आलं मला.

पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी मला बसायला उंच स्टूल कुणी आणून ठेवलं? तुम्हीच ना?

तुमच्या वर्षश्राद्धाला आक्का चारचौघांत म्हणाली, "आईचा नवस तसाच ऱ्हायला." तुमचीच लेक ती! मला आला राग. दुसऱ्याच दिवशी अनवाणी निघाले, एका दमात जायचं म्हणून. अर्ध्या वाटेत आंब्याखाली कोसळले. पुढे दीड महिना अंधाऱ्या खोलीत; उजेड सोसेना, कुणाचं बोलणं सोसेना. हे म्हणाले, "नवस फेडायला निघालेलीस की आईला भेटायला?"

पडल्या पडल्या डोक्यात आलं, भाताची लावणी आपण कधी एका दिवसात उरकली? सांज झाली की बांधावर यायचं, सकाळी जिथं सोडली तिथून पुढे. मग नवसालाच निराळा कायदा कशाला?

ठरलं! सकाळी यांच्या मिनिडोर रिक्षानं कालच्या खुणेच्या दगडापाशी उतरायचं, तीन-चारशे पावलं चालायचं, नवा दगड ठेवायचा आणि त्याच रिक्षानं घरी. तुमच्या नातवानं, सुजयनं दिलेलं घड्याळ मनगटावर. छातीचे ठोके वाढले की ते वाजायचं, वाजलं की तिथंच बसकण. एके दिवशी कळस दिसला आणि जीव पुढे ओढायला लागला, तरी मी थांबले. आई, चालण्यापेक्षा ते थांबणं अवघड होतं हो! येणाऱ्या-जाणाऱ्या बाया हसायच्या. "काल पन हितंच व्हतीस ना गं?" "व्हय," मी म्हणायचे, "उद्या त्या वडापाशी गाठ, आणि येताना चा घेऊन ये!"

आक्का काय गप्प बसते? "रिक्षानं येऊन-जाऊन नवस फिटतो होय? आणि ही बरी तरी कुठं झालीय?" खोटं कशाला बोलू, तीच धास्ती मलाही होती. परवा शेवटची पायरी चढले आणि ओटी भरायच्या आधी गुरवाला सगळं सांगून टाकलं. तेवीस दिवस लागले, त्यातले सहा नुसती पडून होते, आणि बरी झालेले नाही, होईन की नाही तेही माहीत नाही. म्हातारा ओटीचा नारळ हातात घेऊन म्हणाला, "रस्ता सगळा तुझ्याच पायाखालनं गेला ना? देवी काय तास मोजत बसलीय? आन् उभी हायस की तिच्यासमोर!"

उभी होते, आई! गाभाऱ्यासमोर मोठ्यानं हसले, मग तुमचं नाव घेऊन ओटी भरली आणि पोटभर रडले.

आता एक शब्द देते. पुढच्या वर्षी सुजयचं लग्न करायचंय. घरात सून येईल. ती कधी म्हणाली, "आई, मला आज उठवत नाही," तर मी तिचे रिपोर्ट विचारणार नाही आणि देवीकडेही धावणार नाही. पहिल्याच दिवशी तिचं खरं मानीन.

तुमची सून,
वंदना