शाखेच्या पत्त्यावर पाठवलेला दावा

फ्लीटवूड,
रविवार, ऑगस्ट २००७

प्रिय ऑड्री,

काल मी पुन्हा तुझ्या दारापर्यंत येऊन गेले. आत रेडिओ चालू होता आणि मी घंटी वाजवल्यावर तो बंद झाला, तेव्हा तू घरात नव्हतीस असं मला सांगू नकोस. दार उघडायचं की नाही हा तुझा प्रश्न. पण आपला इतक्या वर्षांचा रिवाज असा, की तू रागावलीस की तोंडावर चार शब्द सुनावून मोकळी होतेस आणि मी रागावले की गाल फुगवून बसते. या वेळी गाल तू फुगवलेस. मला त्यामुळे काही सुधरेनासं झालंय. खरं सांगायचं तर मार्चपासूनच माझं डोकं ठिकाणावर नाही. या बँकेच्या भानगडीत कोण बरोबर आणि कोण चूक हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आज पैसे हातात येऊनही कळत नाही.

क्लिफर्ड होता तोवर आमच्या संसारात पैशाचं सगळं तोच बघायचा. तो गेल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरातला माझा पगार आणि मी, एवढेच उरलो. पगार महिनाअखेरीस, आणि गॅसवाल्यांचा हप्ता खात्यातून परस्पर वळता व्हायचा तो त्याच्या चार दिवस आधी. खात्यात बारा पौंड, हप्ता सव्वीसचा. बँकेने हप्ता परत पाठवला आणि परत पाठवल्याबद्दल माझे तीस पौंड कापले. ते कापल्यामुळे पाण्याचा हप्ता परत गेला, त्याचे आणखी तीस. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं. सहा वर्षांत असे अकराशे पौंड गेले. हप्त्याची तारीख पुढे ढकलून घ्यायला एक फोन पुरला असता, हे मला भाची लीअ‍ॅनने सांगेपर्यंत सुचलंही नाही. मी समजत होते की तारीख गॅसवाले ठरवतात आणि आपण पाळायची.

तुला हे सगळं दिसत होतं. काचेच्या पलीकडे तूच बसायचीस. खात्याचा कागद मागितला की तू तो पालथा करून काचेखालून सरकवायचीस, मागच्या रांगेतल्या कुणाला लाल आकडा दिसू नये म्हणून. त्यावर तू कधी अवाक्षर काढलं नाहीस आणि मीही नाही. शुक्रवारी मासळी-बटाटे खाताना आपण तुझ्या गुडघ्याबद्दल बोलायचो, ट्रामच्या भाड्याबद्दल बोलायचो, माझ्या पैशाबद्दल कधी नाही. आपल्याकडे माणूस एकवेळ मूळव्याधीबद्दल बोलेल, पण बँकेत किती शिल्लक आहे ते सांगणार नाही.

मग या वर्षी पेपरात यायला लागलं, की हे दंड बेकायदेशीर आहेत, मागितले तर बँका परत देतात. पत्राचा नमुनाही छापून आला. आमच्या स्वयंपाकघरातल्या तिघींनी तो कापून घेतला. लीअ‍ॅन, तुला माहीतच आहे, कात्री आणि जीभ दोन्ही सारख्याच धारेच्या. गिऱ्हाइकाचे केस कापता कापता मला म्हणाली, "मावशी, एक साधा कागद परत पाठवायला तीस पौंड लागतात का गं? तुझे पैसे आहेत, तू माग. लाजायचं त्यांनी." मला पटलं. तिथून घरी येईपर्यंत पटलेलं होतं. दारात शेजारचे मिस्टर ऑर्मेरॉड कुंपण रंगवत होते. ते म्हणाले, "नोरीन, मी आयुष्यात एका पेनीने खातं उणे जाऊ दिलं नाही. आता तुम्ही सगळे पैसे परत नेणार, आणि बँक काय देवळातल्या दानपेटीतून देणार? उद्या माझ्यासारख्याकडून खातं ठेवायचंच भाडं घेतील. चोर सोडून संन्याशाला सुळी." मला तेही पटलं.

रात्री लीअ‍ॅनला फोनवर हे सांगितलं तर ती हसत सुटली. "म्हाताऱ्याला विचार, इतकी वर्षं त्याचं खातं फुकट कसं चाललं? कुणाच्या दंडावर? तुझ्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर बायजीच तुला शहाणपण शिकवतोय." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ऑर्मेरॉडच्या चेकबुकाचे पैसे सहा वर्षं मी भरत होते. आणि ऑड्री, मला त्यांचा राग यायला हवा होता, पण क्लिफर्डच्या मयताला स्वतःची गाडी घेऊन उभा राहणारा माणूस तो. राग कुणाचा करायचा तेच कळेना.

शेवटी एका शुक्रवारी मी तुझं मत विचारलं. विचारायला नको होतं. तू काटा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "कुणी तुला हात धरून खातं उणे करायला लावलं नव्हतं. आणि सगळ्यांनी असे पैसे परत नेले ना, तर लंडनच्या साहेबांचा एक केस वाकडा होणार नाही. ते आधी छोट्या शाखा बंद करतील. आमची पहिली." मी विचारलं, मग मी मागू नको का? तू म्हणालीस, "मी तुला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. मी तिथे नोकरी करते." आणि मग आपण गुडघ्याबद्दल बोललो. त्या दिवशी व्हिनेगरची बाटली तू माझ्याकडे सरकवलीस तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस, एवढं मला आठवतं.

मी मागितले. पहिल्या पत्राला बँकेने छापील नकार पाठवला, म्हणून लीअ‍ॅनच्या सांगण्यावरून कोर्टाचा फॉर्म भरला. त्यात प्रतिवादीचा पत्ता विचारला होता. आता जगातला कुठलाही शहाणा माणूस तिथे मुख्य कार्यालयाचा पत्ता लिहील. पण माझ्या लेखी बँक म्हणजे लॉर्ड स्ट्रीटवरची ती शाखा, जिथे मी पंधराव्या वर्षी पहिला पगार भरला. मी तोच पत्ता लिहिला, पिनकोडसकट, सुवाच्य अक्षरात. कोर्टाचे कागद तुमच्या शाखेत आले आणि टपाल उघडायचं काम तुझं. तू ते वरच्या कार्यालयाच्या थैलीत टाकायला हवे होतेस. ते पुढे चौकशीत टपालाच्या खणात सापडले.

यावर मी महिनाभर विचार करतेय. तुला वाटलं असेल, कागद पुढे गेलाच नाही तर दावा आपोआप विझेल, शाखाही वाचेल आणि नोरीनची शोभाही होणार नाही. की तुला ठाऊक होतं की बँकेने उत्तर दिलं नाही तर कोर्ट माझ्या बाजूने निकाल देतं? तू माझ्या विरुद्ध होतीस की माझ्या बाजूने? की खरंच गर्दीत विसरलीस? तुला विचारायची सोय नाही, आणि कदाचित तुलाही नीट सांगता येणार नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. पैसे मात्र येईनात. कोर्टाने पुन्हा एक कागद पाठवला, वसुली कशी करायची ते विचारणारा. त्यात बेलीफ असा एक पर्याय होता. मला वाटलं, बेलीफ म्हणजे कोर्टाचा टपालवाला, जाऊन आठवण करून देईल. मी त्यापुढे खूण केली. शपथेवर सांगते, मला जप्तीची कल्पना नव्हती.

आणि ते बेलीफ नेमके शनिवारी आले, मी रांगेत उभी असताना. दोघं होते, धाकटा अगदीच अवघडलेला. तुमचा तो पोरसवदा मॅनेजर कसल्याशा प्रशिक्षणाला गेलेला. थोरल्याने कागद वाचून दाखवला आणि खुर्च्यांवर जप्तीच्या चिकटपट्ट्या लावायला सुरुवात केली. प्रिंटरला लावली, नोटा मोजायच्या मशीनला लावली. मिसेस पिल्किंग्टन बसल्या होत्या त्या खुर्चीलाही लावली, त्या उठल्याच नाहीत. "मी पेन्शन घेतल्याशिवाय हलायची नाही, मला पण पट्टी लावा," म्हणाल्या. लोक हसत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "बरी अद्दल घडली." मला मात्र घाम फुटला. कागदावरचं नाव त्याने मोठ्याने वाचलं नव्हतं, पण मला माहीत होतं आणि तुला माहीत होतं.

तू वर कुणाला फोन लावलास, कुणी उचलला नाही. मग तू आपल्या कॅशच्या ड्रॉवरमधून पैसे काढलेस, दोनदा मोजलेस, बेलीफकडे दिलेस आणि त्याची सही घेतलीस. तुला तसा अधिकार नव्हता हे नंतर कळलं. पट्ट्या निघाल्या, ते दोघे गेले, तू काचेवर टकटक केलंस आणि म्हणालीस, "पुढचे कोण?" पुढची मीच होते. मी घरभाडं भरलं. तू शिक्का मारलास आणि पावती सरकवलीस, तीही पालथी.

सोमवारी तुला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. कोर्टाकडून माझा चेक आला. मला आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. मी गॅसची थकबाकी भरली आणि उरलेले पोस्टात ठेवले, कारण बँकेने त्याच आठवड्यात माझं खातं बंद करून टाकलं. आता लंडनमध्ये मोठा खटला उभा राहतोय म्हणे, आणि तो संपेपर्यंत बाकी सगळ्यांचे दावे थांबवलेत. स्वयंपाकघरातल्या दोघी अडकल्या. त्यांच्या लेखी मी नशीबवान. ऑर्मेरॉड मला हटकून विचारतात, "मग, कोणी भरले शेवटी?" मी म्हणते, बँकेने. ते मान हलवतात. पण त्या दिवशी रांगेतून मला जे दिसलं त्यात बँक कुठेच नव्हती, एकटी तू होतीस आणि ते तू भरलेस. तीस वर्षांची नोकरी, पेन्शन दोन वर्षांवर, आणि पणाला लागलं ते माझ्या एका खुणेमुळे. लीअ‍ॅन म्हणते मी मूर्ख आहे, पैसे माझेच होते. होतेच. मी ते परत करणार नाही, केले तरी घेणार कोण? पण हक्काचे पैसे मिळाल्यावर माणसाला असं चोरट्यासारखं का वाटावं, याचं उत्तर मला कुणी देत नाही.

तुझी नोकरी वाचली, लेखी ताकीद देऊन सोडलं, हे मला तुमच्या युनियनच्या कॉलिनने बाजारात सांगितलं. मी तिथेच, कोबीच्या ढिगासमोर रडले. मग तो आणखी एक गोष्ट बोलून गेला, आणि तेव्हापासून मी तुझ्या दारावर खेटे घालतेय. तुझ्या चौकशीआधी हेड ऑफिसचे मिस्टर पेल माझ्याकडे आले होते. चांगला माणूस, चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. शाखेतल्या कुणी दावा करायला सांगितलं का? नाही. पत्ता कुणी सुचवला? कुणी नाही, माझ्याच डोक्यातून आला. सगळं खरं सांगितलं. वही मिटता मिटता ते म्हणाले, "एकच राहिलं. काउंटरवरच्या मिसेस टॅटरसॉल तुमच्या मैत्रीण का? नसतील तर त्यांच्या हातून कागद खणात राहिला, गर्दीत होतं असं. मैत्रीण असतील तर मात्र ते संगनमत, आणि संगनमताला पेन्शन नसते." मी किटलीकडे बघत म्हटलं, "छे हो, मैत्रीण कुठली. काउंटरवर असतात, तेवढीच ओळख. नावसुद्धा त्यांच्या कोटावरच्या पट्टीमुळे माहीत." त्यांनी ते लिहून घेतलं. कॉलिन म्हणाला, ते तुझ्यासमोर शब्दन्‌ शब्द वाचून दाखवलं. तू पुन्हा वाचायला लावलंस, आणि मग म्हणालीस, "बरोबर आहे त्यांचं." त्याला ते मोठं हुशारीचं वाटलं. पण मी तुला ओळखते, आणि तरी मला कळत नाही, की तू माझं खोटं सांभाळून घेतलंस की ते खरंच धरून चाललीस. म्हणून हे लिहितेय. वाचून झालं की शेगडीत टाक, पेल पुन्हा आले तर हेच पत्र तुला नडेल. या साऱ्या प्रकरणात मी एकदाच खोटं बोलले, आणि जो तो नेमका त्याच्यावरच विश्वास ठेवून बसलाय. तू ठेवू नकोस.

तुझीच,
नोरीन