‘नको’चा शिक्का

मी, खाली सही करणारा, वय सत्तरीच्या उंबरठ्यावर, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती (आता निवृत्त), ओळखीपाळखीत ‘नन्ना’ या नावाने परिचित, हे मृत्युपत्र माझ्या वर्कशॉपमधल्या लांब टेबलावर बसून, दिवसाउजेडी, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीकडेही दाखला मागितला होता, तो मिळाला नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पलीकडच्या खोलीतून “अहो, झालं का?” अशी हाक अधूनमधून येते, तिला वकीलबाई दबाव मानत नाहीत.

लिहिण्यास कारण की, माझ्या हृदयाची एक झडप झिजली आहे आणि ती पुढच्या महिन्यात बदलायची आहे. सर्जन म्हणतात, घाबरण्याचे काही कारण नाही. मीही आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो आणि त्यातले काही सेट पुन्हा बोलले नाहीत. म्हणून हा खटाटोप.

हे मृत्युपत्र एकाच कागदावर, पाठपोट, मावले पाहिजे असे मी ठरवले आहे. त्याला पुरवणी जोडली जाणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, “काका, कागद काही महाग नाही हो.” प्रश्न कागदाचा नाही, हे कलम तीनमध्ये कळेल. अक्षर बारीक आहे, तेवढे सोसावे.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, तसेच बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. “आई, तू एकटी कशाला राहतेस?” म्हणत कोणीही तिला तिथून हलवू नये. तिला हलायचे असेल तेव्हा ती सांगेल आणि तेव्हा कोणाची हिंमत होणार नाही. स्वयंपाकघरातला मिक्सर मी स्वतः दुरुस्त केलेला आहे. त्याचे बटण बंद केले की तो सुरू होतो. घरात येणाऱ्या नव्या माणसाला हे आधी सांगावे.

कलम दोन. हत्यारे. वस्तू घट्ट पकडून ठेवणारा लहान शेगडा शेजारच्या किल्लीवाल्याला द्यावा. तो गेली कित्येक वर्षे त्याच्याकडेच आहे, “उद्या आणून देतो” या बोलीवर. आता उद्या उजाडण्याची गरज नाही. दोन्ही मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचे सगळे सामान दर रविवारी वर्कशॉपमध्ये जमणाऱ्या मंडळींना मिळावे. माझ्या मेहुण्याने एका लग्नात चारचौघांत टिल्लूला (तो कोण, ते कलम तीनमध्ये) ‘खेळणं’ म्हटले होते. त्याला टिल्लूची एक पिशवी द्यावी, सुटे भाग असलेली, न जोडलेली. सोबत चिठ्ठी: “जोडून दाखव.”

कलम तीन. टिल्लू. हाच खरा इस्टेटीचा भाग, बाकीचे सगळे वरचे तोंडीलावणे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टिल्लू हा तळहातावर मावणारा कॉम्प्युटर आहे. हिरवी पट्टी आणि मधोमध एकच चिप, मायक्रोकंट्रोलर, जसा वॉशिंग मशीनमध्ये बसून कपडे किती वेळा पिळायचे ते ठरवतो, तसाच. जुना टीव्ही आणि कीबोर्ड जोडा, बटण दाबा. बटणावरून बोट उचलायच्या आत पडद्यावर शब्द येतो: ‘बोला’. मग तुम्ही सांगाल ते तो करतो. बेरीज करील, दिवा लावील, सापाचा खेळ खेळेल. तो मी आणि माझ्या मित्राने मिळून बनवला. सुटे भाग पिशवीत घालून विकायचा, घेणाऱ्याने स्वतः सोल्डरचे डाग देऊन जोडायचा. सोबत माहितीचा एकच कागद, पाठपोट. त्या कागदावर जे समजावून सांगता येत नाही ते टिल्लूमध्ये असणार नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम म्हणजे माझी पत्नी. नवीन काही घातले की तिला कागद देऊन टिल्लूसमोर बसवायचे. तिने “आता पुढे काय?” असे विचारले की ते काढून टाकायचे.

हा माझा मित्र लिफ्टचा मेकॅनिक. त्याचे नाव ‘आणखी’ पडले, कारण त्याचे प्रत्येक वाक्य “आणखी एक करू या का?” असेच असते. आणि मी त्याला प्रत्येक वेळी नाही म्हणतो म्हणून मी नन्ना. एकदा त्याने रंग घातले. बटण दाबले की टिल्लू आधी विचारायचा, कोणता रंग हवा? पत्नी म्हणाली, “अहो, मला गुणाकार करायचाय, भिंत नाही रंगवायची.” रंग गेले.

पण मेमरी कार्डाच्या खाचेपायी तो माझ्याशी आख्खा हिवाळा भांडला, तेही लिहिले पाहिजे. टिल्लूला काही लक्षात राहत नसे, वीज गेली की लिहिलेले सगळे पुसले जाई. मी म्हणत होतो, असू दे, सोपे आहे. आणखी खुर्चीवरून उठला. “लोकांनी दिवसभर खपून लिहायचं आणि वीज गेली की बोंबलायचं! ह्याला तू साधेपणा म्हणतोस? अरे, हा छळ आहे छळ!” खाच बसवली. तिच्यासाठी कागदावर जागा हवी होती म्हणून टीव्ही जुळवण्याच्या दोन ओळी काढल्या. त्या कोणीच वाचत नव्हते. त्या हरण्याचा मला आजही आनंद आहे.

त्यानंतरच्या माझ्या वाढदिवसाला आणखीने मला एक रबरी शिक्का करून आणला. त्यावर ठसठशीत अक्षरांत एकच शब्द: नको. “घे, तोंड दुखत असेल तुझं.” त्याने तो चिडून दिला होता, मी आनंदाने वापरला. रविवारच्या बैठकीत ज्याला जे सुचेल ते त्याने चिठ्ठीवर लिहावे आणि मी शाई ओली ठेवावी, अशी पद्धत पडली.

मग माझा पाय मोडला. मी प्लॅस्टरमध्ये घरी पडलो आणि तिकडे टिल्लूची चौथी आवृत्ती निघाली. आवाज, माऊस, इंटरनेट, घड्याळ, अक्षरांचे सहा प्रकार. एक ना धड, भाराभर चिंध्या. कागदाचे पुस्तक झाले. मी कुबड्या घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो, पत्नी सोबत होती. बटण दाबले. पडद्यावर शब्द आला: ‘थांबा’. आम्ही थांबलो. तो ‘थांबा’च म्हणत राहिला. पत्नी म्हणाली, “आधी हा ‘बोला’ म्हणायचा. आता ऑफिसात नोकरीला लागला वाटतं.” सगळ्यांत मोठ्याने आणखीच हसला आणि त्यानेच ते सगळे स्वतःच्या हाताने सोडवून काढले. त्या दिवशी मला तो माणूस फार आवडला. हे त्याला तोंडावर सांगायचे राहिले, म्हणून इथे लिहितो.

कलम चार. आता घोडे कुठे पेंड खाते ते सांगतो. टिल्लूची जुनी चिप बनायची बंद झाली आहे. नवीन चिप त्याच किमतीत मिळते आणि तिच्यात काय वाट्टेल ते मावते. रंग मावतात, गाणी मावतात, आख्खे इंटरनेट मावते. लोकांना वाटते, टिल्लूला मी साधा ठेवला. खरे म्हणजे नाही म्हणायची ती जुनी चिपच. जागाच नव्हती! मी तिचा निरोप्या. आता जागा आहे, आणि म्हणून नाही म्हणायला माणूस लागणार आहे. मी गेल्यावर तो कोण, यावर टिल्लू पुढेही ‘बोला’ म्हणणार की ‘थांबा’, हे ठरेल. झडपेपेक्षा मला याची काळजी जास्त आहे.

कलम पाच. शिक्का. माझी मुलगी फोन बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत आहे. तिथे रोज काहीतरी नवे चिकटवावे लागते, त्यामुळे तिला नव्याचा वीट आला आहे. ती मला म्हणाली, “बाबा, शिक्का मला द्या. मी टिल्लूला कुणाला बोटसुद्धा लावू देणार नाही.” पोरगी शब्दाची पक्की आहे, आणि तेच माझे दुखणे आहे. तिच्या हाती शिक्का गेला तर टिल्लू काचेच्या कपाटात जाईल आणि लोक त्याला बघून “काय साधा होता!” म्हणतील. ती तेव्हा माझ्या जागी असती तर कार्डाची खाच कधीच झाली नसती.

म्हणून मी पूर्ण विचारांती असे ठरवतो की, ‘नको’चा शिक्का माझ्या पश्चात आणखीला मिळावा. टिल्लूमध्ये काय नको, हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार त्याचा. ज्याला कधी काही हवेसेच वाटले नाही, त्याच्या नकारात दम नसतो. आणखीला सगळे हवे असते. तो जेव्हा नको म्हणेल, तेव्हा त्याला त्याची किंमत पुरेपूर ठाऊक असेल.

आणि टिल्लूचे सगळे आराखडे माझ्या मुलीला मिळावेत, एका अटीवर: दरवर्षी तिने टिल्लूसाठी निदान एक नवीन गोष्ट सुचवलीच पाहिजे. मनापासून सुचवली पाहिजे, उरकायची म्हणून नाही. पाठपोट कागदाचा नियम आणि तिच्या आईचा नियम दोघांनाही लागू राहील.

वकीलबाईंनी हे कलम दोनदा वाचले आणि विचारले, “काका, नावं उलटी तर नाही ना पडली?” नाही. जशी हवीत तशीच पडली आहेत.

कलम सहा. माझ्यामागे भाषणे करू नयेत. करायचीच असतील तर पाठपोट एका कागदात मावतील एवढी करावीत. आणखीला सर्वांत शेवटी बोलायला द्यावे, नाहीतर इतरांचा नंबर लागणार नाही.

येणेप्रमाणे मी समजून-उमजून, हसत लिहिले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, सुचवले होते, तेव्हा मी नको म्हणालो होतो.

(सही) लिहून ठेवणारा, नन्ना
साक्षीदार १: दंतवैद्य, वर्कशॉपच्या वरचा मजला (सही)
साक्षीदार २: शिंपी, समोरची गल्ली (सही)
स्थळ: वर्कशॉप, लांब टेबल. दिनांक: ९ मार्च २०२५

पुरवणी

पुरवणी जोडणार नाही असे वर लिहिले आहे, ते मी वाचले आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझी जरा आधीच गेली. कागदाच्या समासात थोडी जागा उरली होती.

गेल्या रविवारी मी हे मृत्युपत्र वर्कशॉपमध्ये आणखीला आणि मुलीला वाचून दाखवले. मेल्यावर वाचायची वस्तू आधी वाचतात का, म्हणून वकीलबाई रागावल्या. मुलीने अट ऐकून नाक मुरडले, पण हरकत घेतली नाही. आणखीचा चेहरा मात्र पडला. “मला नको म्हणायला लावतोस? मला? अरे, माझ्या जिभेला ते वळण नाही. मी सगळ्यांना हो म्हणत सुटेन आणि टिल्लूचं वाटोळं होईल.”

मी म्हणालो, “मग आजच बघू.” आणि खिशातून माझी स्वतःची चिठ्ठी काढली. इतक्या वर्षांत मी सुचवलेली ही पहिलीच गोष्ट. नवीन चिपवर मी ती करूनही ठेवली होती. बटण दाबले. पडद्यावर आधी एक ओळ आली, ‘नन्ना आणि आणखी यांनी बनवला’, जरा वेळ थांबली आणि मग ‘बोला’ आले. एवढेच. कागदावर त्यासाठी एक अक्षरही वाढत नव्हते. पत्नीला बसवले, तिने “आता पुढे काय?” विचारले नाही, नुसती त्या ओळीकडे बघत राहिली. मुलगी म्हणाली, “बाबा, हे राहू द्या.” तिच्या डोळ्यांत पाणी होते. खोटे कशाला बोलू, मलाही ते राहायला हवे होते. ऑपरेशनला जाण्याआधी कुठेतरी नाव असावे, असे वाटते माणसाला.

आणखीने टिल्लू बंद केला, चालू केला. पुन्हा बंद केला, चालू केला. प्रत्येक वेळी ती ओळ वाचली. शेवटी म्हणाला, “टिल्लूसमोरचा माणूस मनात काहीतरी घेऊन बसलाय. त्याच्या आधी आपण बोलायचं?” आणि मग, “नको रे.” शिक्का उचलला आणि माझ्या चिठ्ठीवर मारला.

मला वाईट वाटले. मग ऊर असा भरून आला की सांगता सोय नाही. टिल्लूचे आता माझ्यावाचून अडणार नाही.

शिक्का मी त्याच क्षणी त्याच्या स्वाधीन केला, मरणाची वाट कशाला बघायची. त्याने तो पुसून खिशात ठेवला आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाला, “ऑपरेशनच्या दिवशी मी येऊन बसतो हॉस्पिटलात.” नेहमीच्या सवयीने माझ्या ओठांवर ‘नको’ आलेच होते. पण शिक्का आता माझ्याकडे नव्हता. मी म्हणालो, “ये.”

(सही) नन्ना
साक्षीदार: तेच दंतवैद्य, तेच शिंपी (सह्या)
स्थळ: तेच. दिनांक: २३ मार्च २०२५