दोन बाकांची वाटणी

सार्थक, शिवानी, मागच्या अंगणात मी नव्या बाकाला रंग देत होते आणि तुम्ही दोघे त्याच्याखाली लोळत खेळत होता. ती दुपार तुम्हाला आठवणार नाही, तुम्ही फार लहान होता. मला आठवते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी, नूतन कुमार धुमाळ, राहणार भोर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांची तक्रार माझ्या हृदयाबद्दल आहे, बुद्धीबद्दल नाही. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित किंवा माझे पती कै. कुमार यांच्याकडून मला आलेली आहे.

राहते घर व बँकेतील ठेवी दोघांना समान. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी दिलेली शिवणाची पेटी सूनबाई प्रेरणाला. तिचे टाके माझ्यापेक्षा सरळ पडतात.

लाकूडकामाचा कारखाना आणि यांची हत्यारे आमच्याबरोबर उमेदीची वर्षे घालवलेल्या धम्मदीपला. हिरड्याचा काढा आणि मग व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या खिळ्यांचे पाणी, एवढ्यावर आम्ही नव्या लाकडाला आजोबांचे वय दिले. पण खालची बाजू कोरीच ठेवली. उलटून पाहणाऱ्याला वस्तू नवी आहे हे कळले पाहिजे, हा यांचा नियम होता. धम्मदीपने तो पाळावा. 'खालूनही रंगवा, जुनं म्हणून विकतो,' म्हणणाऱ्या पुण्याच्या त्या दुकानदाराला माझ्या पश्चातही काही विकू नये.

आता बाक. एक आंबवड्याहून जाऊबाई अंजनाताईंनी आणून दिलेला, सासऱ्यांच्या बसण्याचा. दुसरा त्याच्या जोडीला यांनी केलेला. रंग वाळल्यावर अंजनाताईच फसल्या. "अगं नूतन, ह्यातला माजा कुठला? मला बी वळकू येईना!"

यांच्या वर्षश्राद्धाला त्यावरूनच भांडण झाले.

"आई, खरा कुठला तेवढं सांग. तो मी नेतो."

"दादा, तुला ओळखता येत नाही, मग हवाय कशाला?"

"तुला येतो का ओळखता?"

त्या दिवसापासून तुम्ही एकमेकांशी बोलत नाही. बाक उलटला असता तर लगेच कळले असते. पण तो उलटायला दोन माणसे लागतात, आणि तेवढ्यापुरतेही तुम्ही एकत्र आला नाहीत.

माझी इच्छा अशी. माझ्या तेराव्याला दोघांनी मिळून दोन्ही बाक उलटावेत. ज्याची खालची बाजू काळपट जुनी आहे, तो अंजनाताईंना परत द्यावा. तो त्यांच्याच ओसरीवरचा आहे.

ज्याची खालची बाजू कोरी आहे, तिथे दोन लहान पंजे उमटलेले दिसतील. रंगाच्या भांड्यात हात बुडवून तुम्हीच ते उमटवले. मी पुसायला गेले, तर हे म्हणाले, "राहू दे. हा विकायचा नाही."

तो बाक दोघांचा. कापू नये, विकू नये. एक वर्ष सार्थककडे, एक वर्ष शिवानीकडे. नेताना टेम्पोवाल्याच्या माणसांना हात लावू देऊ नये. एक टोक दादाने धरावे, दुसरे शिवानीने.

नूतन कुमार धुमाळ
भोर, ११ जानेवारी २०२५

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. माया सोनवणे, शेजारी, भोर
२. धनाजी खुटवड, निवृत्त शिक्षक, पाली