उद्याच्या डोंगरासाठी

प्रिय सुमनताई,

कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की एसटीत आपण उकडलेले शिंगाडे खायचो. कोंढ्याजवळचा तो डोंगर दिसला की तू म्हणायचीस, "एकदा वर जाऊ."

उद्या तू, तुझी सून अंजू आणि मी जाणार होतो. दिवसभर यांच्याजवळ शेजारच्या निर्मलाबाई बसणार होत्या. पण अर्धांगवायू झाल्यापासून हे माझ्याच हातून जेवतात. आज म्हणाले, "जाय ना. मी राहतो उपाशी."

निर्मलाबाई हसल्या, "काहून भाऊ, माह्या हाताले काटे हायेत का?"

यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताई, मी येत नाही. हे पत्र पाठवायचीही हिंमत नाही. फोनवर गुडघ्याचं कारण सांगेन, आणि एवढंच म्हणेन:

माझे नवे बूट आणि दशम्या निर्मलाबाईंच्या हाती पाठवते; बूट अंजूला दे. दशम्या तुम्ही दोघी खा. वरचे फोटो सगळ्यांना पाठव, मला नको.

तुझीच,
कुंदा