गादीखालची फळी

वारणानगर,
रविवार

ती. आक्कास,

मीनाचा सप्रेम जय भीम. आम्ही इकडं मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? (पाय आपटत आमच्या घरातून गेलीस, तेव्हा तरी तो चांगला होता.) झाली की गं त्याला दोन वर्षं. तुझा चहा संपायच्या आत यांनी पंखा बंद केला, हे मी विसरलेले नाही, आणि तू तर विसरणारच नाहीस.

पण आक्का, माणूस बदललाय. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून हे उसाच्या चिपाडाच्या फळ्या करतात. चिपाड कुटायचं, त्यात खळ कालवायची (माझ्या दुधाच्या पातेल्यात, ते पातेलं गेलंच समज), दोन पत्र्यांच्या मध्ये पसरायचं आणि वर दिवसभर वजन ठेवायचं. आता वजन आणायचं कुठून? तर यांनी ते सगळं खाटेवरच्या गादीखाली सारलं आणि दारात उभे राहून दिसेल त्याला हाका मारायला लागले, "या की पावणं! बसा, च्या ठेवलाय!" पोस्टमन सडपातळ, त्याला नुसतं पाणी. शेजारची धोंडुबाई दिसली की पूर्वी हे दार लोटून घ्यायचे; आता तिला चहा, वर पोहे, आणि ती उठायला लागली की "एवढी काय गडबड हाय?" पहिली फळी तिच्या एकटीच्या बैठकीनं मधोमध खोलगट झाली. त्या फळीवर कापड घालून मी सांडगे वाळवते. तेव्हापासून हे पाहुण्यांना ओळीनं, सारख्या अंतरावर बसवतात. कॉलनीत सगळे म्हणतात, एवढं अगत्य कुठं बघितलं न्हाय. माझे सहा कप फुटले, पण घर भरलेलं असतं आणि मला बरं वाटतं, खरंच सांगते.

आता विहारातल्या वाचनालयाच्या कपाटासाठी मोठी फळी करायची आहे. तरी तू आठ दिवस राहायला ये.

तुझी,
मीना

ता.क. दाजींनाही आण. त्यांचं वजन कमी तर झालं नाही ना?

आणखी ता.क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्यानं यांना फळ्या दाबायचा लोखंडी प्रेस आणून दिला. मोठी फळी त्यातच होणार, म्हणजे आता कुणाला बसवून ठेवायची गरज उरली नाही. मी पत्र फाडायला घेतलं. तर हे म्हणाले, "फाडतीस कशाला? आक्कास्नी येऊ दे की." आणि गादीखालचे पत्रे काढून त्यांनी खाट पंख्याखाली सरकवली.