गुडघ्यात पाणी, अखाजी जवळ

८ एप्रिल
गुडघा परत टम्म. पाय उचलायला जाते तर मांडी ऐकतच नाही! डिंपल म्हणते, "आई, दवाखान्यात चला." आमची सून — जरा खुट्ट झालं की दवाखाना! मला एवढंच ठाऊक, अक्षय्य तृतीया आली, अखाजीला बोदवडला माहेरी जायचं.

११ एप्रिल
गेले शेवटी. व्यायामाची डॉक्टर पुनम, पोरगीच दिसते. मांडीवर हात ठेवून म्हणे, "आवळा." आवळली — काहीच हललं नाही. लाज वाटली. म्हणे, "आजी, मांडी बिघडली नाही. गुडघ्यात पाणी आहे, दुखतंय, म्हणून शरीरच तिला बंद ठेवतं. आधी सूज उतरवू." बर्फ लावा, पाय उंच ठेवा, गुडघ्याखाली टॉवेल घेऊन हळू दाबा. केळीचे घड डोक्यावर वाहिले मी. आता टॉवेल दाबायचा!

१५ एप्रिल
मोतीलालभाऊचा फोन. वहिनी गेल्यापासून एकटाच असतो बोदवडच्या घरात.
"कधी येशीन व? निंबाले झोका बांधतो."
"म्हातारीला कसला झोका?"
"तूच त उभ्यानं चढवायची! आम्ही खालून बोंबलायचो."
हसलो दोघं. तो झोका सगळा मांडीच्या जोरावर चढायचा. फोन ठेवल्यावर मांडीकडेच पाहत बसले.

१९ एप्रिल
सूज उतरली थोडी. मांडी हलली! पण बारीक किती झाली.

२२ एप्रिल
एवढी वाट कोण पाहणार? दार लावून उठबशा काढल्या.

२३ एप्रिल
गुडघा नारळाएवढा. मांडी पुन्हा बंद. पुनम चिडली — "सुजेवर जोर केला की सूज वाढते. सूज वाढली की मांडी आणखी झोपते!" डिंपल मागून, "सांगा, तुम्हीच सांगा!" दोघी एक झाल्या.

२८ एप्रिल
मुलगा नवीन म्हणतो, कार करू, मी उचलून बसवतो. माहेरच्या दारात पोरगा मला उचलून उतरवणार? गल्ली पाहणार? नाही म्हटलं.

३० एप्रिल
अखाजी. आमरस केला डिंपलने. गोड लागला नाही. भाऊला फोन केला, पुढच्या वर्षी येते म्हटलं. "बरं," एवढंच म्हणाला.

१४ मे
बर्फ, टॉवेल — सगळं ऐकलं. आज पाय सरळ उचलला, धरूनही ठेवला! डिंपलने टाळ्या वाजवल्या. वेडी.

१५ मे
भाऊचा फोन, सुरतहून. कायमचाच गेला लेकाकडे. बोदवडचं घर विकलं. म्हणे, "पोरगा होळीपासूनच बोलावत होता व. तुह्यासाठी अखाजीपर्यंत थांबलो."
फोन कानाला धरूनच पाय सरळ उचलला, खाली ठेवला. तो आपला हॅलो, हॅलो करत राहिला.